ताउनोची जागा

ऐक ना गं, कॉफी ओतून घे आणि नुसतं ऐक. मध्ये "हे कसं शक्य आहे" वगैरे विचारायचं नाही. राकेलने मला सांगितलं तेव्हा मीही आधी तेच विचारलं होतं, आणि ती म्हणाली, मी बारा वर्षं वजनकाट्यावर माणसं उभी करतेय, मला आकडे वाचता येतात.

राकेल म्हणजे ती नर्स. फिनलंडमधल्या कायनूच्या जंगलातलं ते गाव, एक चर्च, एक दुकान, एक पेट्रोल पंप, आणि आरोग्य केंद्राच्या मागच्या बाजूला डायलिसिसची खोली. चार खुर्च्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातला सुरू. आल्या आल्या बूट काढायचे, कोट काढायचा, पायमोज्यांवर काट्यावर उभं राहायचं. ज्यांच्या किडन्या बंद पडल्यात त्यांना लघवीच होत नाही ना, मग प्यायलेलं सगळं अंगातच साठतं. मशीन चार तासांत ते रक्तातून काढून घेतं, आणि जाताना पुन्हा काट्यावर. येताना भरलेलं माणूस, जाताना रिकामं. बस्स, एवढंच काम.

आणि तहान! आपल्याला नाही कळायची गं ती तहान. दिवसाला अर्धा लिटर, त्यात कॉफी आली, सूप आलं, गोळ्या गिळायचं पाणीसुद्धा आलं. राकेलने फुलदाणीतलं पाणी पिताना एका रिटायर्ड पाद्र्याला पकडलंय. एक आजी हातमोज्यावरचा बर्फ चोखायची. विचारलं की सगळे एकच सांगतात, "छे, मी कुठे काय प्यायलो!" म्हणून राकेलचा एक नियम होता. माणसावर विश्वास ठेवायचा नाही, काट्यावर ठेवायचा.

फक्त केर्तूच्या बाबतीत तिला हा नियम कधी लागला नाही. केर्तू अठ्ठावन्न वर्षांची, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म गेलेला, शिस्त अशी की उकडलेलं अंडं ठेवायचा कप असतो ना चिमुकला, त्यातून कॉफी प्यायची. दोन वर्षांत एकदाही वजन वर नाही. नवीन किडनीसाठी नाव लागलेलं. तिची खुर्ची खिडकीजवळची. शेजारी रेइयो, ट्रक चालवायचा, आयुष्य सगळं समुद्राकडच्या गावात काढलं आणि वसंतात लेकीकडे राहायला आला. त्याचा डोळा त्या खिडकीवर.

"केर्तू, तुझी किडनी येईल तेव्हा खुर्ची मला लिहून दे हां," तो रोज म्हणायचा.

"तू माझ्या शाळेत जेवायला असतास ना रेइयो, तर डाव घातला असता डोक्यात."

"घाल की. डावात सूप असेल तर अजून बरं."

असं चालायचं.

तर जुलैचा शेवटचा सोमवार. केर्तू सकाळी एकाहत्तर किलो चारशे. मशीनने दोन लिटर चारशे काढलं. ती खुर्चीत झोपली होती, बहुतेक सगळे झोपतातच. उठली, काट्यावर उभी राहिली. एकाहत्तर किलो चारशे.

राकेल म्हणाली, "बूट घातलेस?"

नव्हते घातले.

राकेल स्वतः काट्यावर उभी राहिली. बरोबर. दहा लिटरचा पाण्याचा कॅन ठेवला. बरोबर. मशीनमधून निघालेलं मोजलं. तेही बरोबर! म्हणजे बघ, बाईच्या अंगातून दोन लिटर चारशे निघालं आणि बाई तसूभरही हलकी झाली नाही. राकेलने केर्तूकडे पाहिलं, आणि बारा वर्षांची सवय, तोंडातून निघूनच गेलं, "केर्तू, काय प्यायलीस? आणि कोणी आणून दिलं?"

केर्तूचा चेहरा असा पडला. म्हणाली, "माझ्या दोन्ही हातांकडे बघ. एकात सुया आहेत, दुसऱ्यात तुझं ब्लड प्रेशरचं यंत्र."

रेइयो म्हणाला, "पर्समध्ये तळं आहे तिच्या. मलाही सांग ना कुठलं." कोणी हसलं नाही.

बुधवारी तेच. मग शुक्रवारी राकेलने खुर्ची ओढली आणि चार तास केर्तूसमोर बसून राहिली. भर सकाळ, लख्ख ऊन, खिडकीबाहेर कोणीतरी गवत कापतंय, खोलीत जंतुनाशकाचा आणि रेइयोच्या पायमोज्यांचा वास. केर्तूला आठच्या सुमारास झोप लागली. पाचच मिनिटांत तिचा गळा हलला.

तोंड मिटलेलं होतं, लक्षात घे. ओठ घट्ट. आणि गळा हलत होता, घोट घेतल्यासारखा. एक घोट. थांबणं. पुन्हा एक. चांगलं थंड पाणी माणूस कसं सावकाश पितो, तसं. मग हनुवटीखाली काहीतरी चमकलं. राकेलने बोट लावलं. पाणी होतं, आणि इतकं गार की बोट दुखलं. कॉलर भिजत चालली होती, आणि त्या भिजलेल्या कापडाला शेवाळाचा वास येत होता.

राकेलने तिला हलवून उठवलं. केर्तूने डोळे उघडले आणि, राकेल सांगते, इतकं दुःखी माणूस तिने कधी पाहिलं नव्हतं.

"का उठवलंस?" केर्तू म्हणाली. "आत्ता तर त्याने पुन्हा भरला होता."

मग ते सगळं बाहेर आलं. तसं गावाला माहीतच होतं, राकेललाही. केर्तूचा नवरा ताउनो सात वर्षांपूर्वी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हिल्ला आणायला गेला. हिल्ला म्हणजे ती दलदलीतली केशरी फळं गं, जीव टाकतात लोक तिकडे. आणि तुला माहितीय ना त्यांची तऱ्हा, हिल्लाची जागा कोणी कोणाला सांगत नाही. बापाने लेकाला मरताना सांगायची, तीही सांगितली तर. ताउनोने एकतीस वर्षांच्या संसारात केर्तूला सांगितली नाही. ती विचारायची, तो म्हणायचा, "तू बहिणीला सांगशील." बादली घेतली, मोपेड काढली आणि गेला. मोपेड सापडली रस्त्याच्या कडेला, दुसऱ्या दिवशी. कुत्री आणली, हेलिकॉप्टर आणलं, आठ दिवस सगळं गाव दलदलीत. पण हे लोक गाडी जागेजवळ लावतच नाहीत ना! मुद्दाम पाच-सात किलोमीटर लांब लावतात, दुसऱ्याला पत्ता लागू नये म्हणून. सगळ्या गावाला हे माहीत, कारण सगळं गाव तेच करतं. म्हणजे मोपेडच्या आसपास तो नाही, एवढंच त्या मोपेडवरून कळलं. दर रविवारी केर्तू कुठल्या ना कुठल्या दलदलीत जायची, किडन्या जाईपर्यंत गेली.

"झरा आहे तिथे," केर्तू म्हणाली. "झऱ्यापाशी तो बसलेला असतो. भूर्जाच्या सालीचा द्रोण असतो हातात. भरतो आणि देतो. बोलत नाही काही. पहिल्या दिवशी मला फक्त पाणी दिसलं आणि त्याची बोटं. बुधवारी शेवाळ दिसलं, एक वाकडा पाइन दिसला. आज एक फळकुट टाकलेला ओढा दिसला, पलीकडे. दर वेळी थोडं जास्त दिसतं, राकेल. मी जितकी पिते तितकं."

"तू पिऊ नकोस," राकेल म्हणाली. दुसरं काय म्हणणार? "नको म्हण त्याला."

"तू म्हणशील?"

राकेलने टॉवेल आणून तिची कॉलर पुसली.

डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. त्याने कागद पाहिले आणि सरळ म्हणाला, बाई चोरून पितेय. असंच चाललं तर फुप्फुसात पाणी भरेल, हृदय दमेल, आणि अशा माणसाला नवी किडनी देण्यात अर्थ नाही, यादीतून नाव काढावं लागेल. बघ म्हणजे. नाव गेलं की उरलेलं आयुष्य त्या खुर्चीत, आणि तेही फार नाही.

राकेलने एक करून पाहिलं. केर्तूला झोपूच द्यायचं नाही. शब्दकोडी, पत्ते, रेइयोचे घाणेरडे विनोद. चार तास जागी राहिली, आणि काटा बरोबर दोन किलो चारशेने खाली आला! म्हणजे झोपेतच होत होतं जे काय होत होतं. डॉक्टर खूश झाला. आणि केर्तू? केर्तू वाळत चालली गं. काट्यावर एकदम बरोबर, आणि तोंडावर कळा नाही. एक दिवस तिने राकेलची बाही धरली.

"अर्धा तास झोपू दे," म्हणाली. "अर्ध्या तासात अर्धा लिटर. तेवढं तू नंतर काढून घे. तुझ्या पाया पडते. मला पाणी नकोय, मला रस्ता पाहू दे."

आणि राकेलने झोपू दिलं. कागदावर लिहिलं नाही. अर्धा तास झोप, मग उठवायचं, मग मशीनवर अर्धा लिटर वाढवायचं. सगळा ऑगस्ट असा. राकेल घड्याळाकडे बघत बसायची आणि केर्तू मिटल्या तोंडाने पीत असायची. सवय झाली म्हणते. सवय कशाची होईल सांगता येत नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी खोलीतला फोन वाजला. हेलसिंकीहून. किडनी आली होती. केर्तूला जुळणारी. निघायला वीस मिनिटं.

केर्तू झोपलेली होती. राकेलने हाक मारली, खांदा हलवला. केर्तूने डोळे उघडले, ऐकलं, आणि विचारलं काय माहितीय?

"मग तहान लागेल का?"

"लागेल की. चारचौघांना लागते तशी. पाणी प्यायचं, की गेली. वाटेल तेवढं पी, अगं, डॉक्टर उलट जास्त प्यायला सांगतात!"

"आणि ही खुर्ची नाही."

"नाही. सुया नाहीत, काही नाही."

केर्तू खिडकीबाहेर बघत राहिली. "आज तो उठून उभा राहिला," म्हणाली. "पहिल्यांदाच. पुढे चालायला लागला, आणि मागे वळून हात केला, चल म्हणून. एक वेळ अजून, राकेल. शुक्रवारी जाते."

"शुक्रवारी ती दुसऱ्याच्या पोटात असेल."

रेइयो शेजारून ओरडला, "जा ना बये! माझं तर वयामुळे यादीत नावसुद्धा नाही. मला बोलावलं असतं तर मी ट्रक काढला असता!"

राकेलने सुया काढल्या, पट्ट्या बांधल्या, बूट घातले तिला. केर्तू उठेना. टॅक्सी दारात आलेली. तेव्हा राकेल म्हणाली, घाईत, निव्वळ तिला उठवायला म्हणून, लहान मुलाला म्हणतात तसं, "तो इथे आला तर मी तुला कळवीन. मी आहेच ना इथे."

"शब्द?"

"शब्द."

केर्तू उठली आणि गेली.

किडनी बसली. छान बसली. तिसऱ्या दिवशी लघवी झाली तर वॉर्डात टाळ्या! आता रोज सकाळी आठ आणि रात्री आठ गोळ्या, जन्मभर, नाहीतर शरीर परकी किडनी मारून टाकतं. तीन आठवड्यांनी केर्तू घरी आली आणि दालचिनीचे पाव घेऊन सगळ्यांना भेटायला आली. गाल भरलेले. राकेलने तिला पाण्याचा मोठा ग्लास दिला. केर्तूने तो सगळ्यांसमोर घटाघटा संपवला, आणि दुसरा, आणि तिसरा. आणि मग ती रडायला लागली, आणि सगळ्यांना वाटलं आनंदाने.

"घरी रोज दुपारी खुर्चीत झोपते," दारात राकेलला हळूच म्हणाली. "काही दिसत नाही गं. नुसती झोप लागते."

दर शुक्रवारी ती फोन करायची. कशी आहेस, काय चाललंय, आणि शेवटी, "काही आहे का?" राकेल म्हणायची, काही नाही.

सप्टेंबरच्या शेवटी रेइयोला खिडकी मिळाली. तोवर तिथे गावात पाहुणी आलेली एक पेशंट बाई होती. पहिल्याच सोमवारी तो झोपला आणि साडेनऊला खडबडून उठला, चिडलेला.

"तो कोण माणूस आहे?" म्हणाला.

"कुठला?"

"हिरव्या गमबुटातला. इथल्या कुठल्या झऱ्यावर बसलेला. घसा कोरडा पडलाय माझा, समोर द्रोण भरलेला, मी म्हटलं दे ना रे घोटभर. मान हलवून नाही म्हणाला! इकडची माणसं कंजूष आहेत हे ऐकलं होतं, पण स्वप्नातसुद्धा?"

रेइयोचं वजन तपासलं. जेवढं काढलं तेवढंच कमी. एक थेंब जास्त नाही.

राकेलने स्वतःला समजावलं. ऐकलं असेल त्याने केर्तूचं बोलणं, शेजारीच तर असायचा. झरा, द्रोण, सगळं ऐकलेलंच. पण हिरव्या गमबुटांचं केर्तू कधी बोलली नव्हती. राकेलने ग्रंथालयात जाऊन जुना पेपर काढला, हरवल्याची बातमी. उंची, वय, अंगात तपकिरी जाकीट. पायात हिरवे गमबूट.

बुधवारी रेइयो उठला तो गप्प होता. रेइयो आणि गप्प! मग म्हणाला, "त्याने मला रस्ता सांगितला. मी विचारला नव्हता." आणि डोळे मिटून त्याने सगळा सांगितला, गडी जिथे कधी गेलेला नाही तो. जळक्या लाकूडगिरणीपासून उत्तरेला, विजेच्या तारांखालून, फळकुट टाकलेला ओढा, मग वाकडा पाइन.

रविवारी राकेल गेली. हो, गेली! मी असते तर मेले तरी गेले नसते. सकाळी दहाला गाडी गिरणीपाशी लावली. मोपेड सापडली होती त्याच्या अगदी उलट दिशेला, बारा किलोमीटर. पहिली थंडी पडून गेलेली, दलदल तांबडी झालेली, पाऊल टाकलं की पचपच. तारा लागल्या. ओढा लागला, फळकुट होतं. वाकडा पाइन होता.

झरा होता.

तिने सगळं पाहिलं. काठीने शेवाळ टोचून पाहिलं. हाड नाही, बूट नाही, बादली नाही. माणसाची एक खूण नाही, की जी नेऊन पुरता येईल.

फक्त झऱ्याच्या कडेला काठीत अडकवलेला भूर्जाच्या सालीचा द्रोण होता. साल आतून पिवळी, ओलसर. त्याच दिवशी सोललेली.

ऑक्टोबर होता गं. भूर्जाची साल जूनमध्ये निघते. जुलै अर्धा सरला की झाड ती सोडत नाही, हे तिकडे पोरासोरांना माहीत असतं.

शेवाळात दोन गुडघ्यांचे खळगे होते. त्यांच्या शेजारी हातभर जागा, स्वच्छ झाडलेली. एक पान नाही पडलेलं तिच्यावर. आणि वर भूर्जाचं झाड पानं गाळत होतं.

राकेल पळाली नाही. चालत आली. मागे वळून पाहिलं नाही एवढंच.

सोमवारी रेइयो झोपायला तयार नव्हता. पण चार तास फार असतात. साडेनऊला जागा झाला, पांढराफटक. राकेलने विचारायच्या आधीच बोलला.

"तुला निरोप आहे. तिला सांगायचा."

"काय?"

"ये म्हणाला. पण अशी भरलेली नको म्हणाला. तहान घेऊन ये."

राकेल त्या रात्री जेवली नाही. कळतंय ना तुला? नुसती जागा सांगितली असती तर केर्तू गेली असती, झरा पाहिला असता, रडून परत आली असती. पण तो निरोप! तहान परत आणायचा एकच रस्ता आहे, आणि तो त्या आठच्या गोळ्यांच्या डबीतून जातो. आणि न सांगावं तर शब्द दिलाय. आणि ती बाई सात वर्षं वाट बघतेय.

शुक्रवारी फोन आला.

पाऊस पडतोय का तिकडे, रेइयो कसा आहे, मांजरीला पिल्लं झाली. सगळं नेहमीचं. पलीकडे स्वयंपाकघरात नळ चालू होता, राकेलला ऐकू येत होतं. ग्लास भरला, केर्तू प्यायली, पुन्हा भरला.

"काही आहे का?" केर्तूने विचारलं.

राकेलने श्वास घेतला. आणि तिने काही म्हणायच्या आत केर्तूच पुढे बोलली, अगदी हलक्या आवाजात, भाजीचा भाव विचारावा तसं.

"बरं, मला एक सांग, सहज विचारतेय. गोळ्या घ्यायच्या राहिल्या तर किती दिवस चालते गं ही?"

नळ बंद झाला. पलीकडे इतकं शांत झालं की राकेलला तिचा गळा हलल्याचं ऐकू आलं. आणि ग्लास खाली ठेवल्याचा आवाज तर केव्हाच आला होता.

आता तू सांग. राकेलच्या जागी तू असतीस, फोन तुझ्या कानाला असता, तर काय म्हणाली असतीस?